कुंपणापासून औषधापर्यंत : सी-बकथॉर्नचा इतिहास

लेहच्या बाजारात आणि हल्ली मोठ्या शहरांतल्या दुकानांतही नारिंगी रंगाच्या रसाची एक बाटली दिसते. तिच्यावर ‘लेह बेरी’ किंवा ‘सी-बकथॉर्न’ असं लिहिलेलं असतं. अशा बाटल्यांच्या जाहिराती पाहिल्या तर त्यांत थोडा इतिहासही सापडतो. तो साधारण असा असतो : प्राचीन ग्रीक लोक आपल्या घोड्यांना या झुडपाचा पाला खाऊ घालत आणि त्यामुळे घोडे तुकतुकीत दिसत, चंगीझखानाचे सैनिक हे फळ खाऊन लढत, हिमालयातलं हे ‘पवित्र’ फळ शंभर रोगांवर चालतं, वगैरे.

आज आपण याच झुडपाचा इतिहास पाहणार आहोत. त्यासाठी ही जाहिरात आधी बाजूला ठेवू, कारण तिच्यामुळे खरा इतिहास झाकला जातो, आणि तो जास्त रंजक आहे. झुडूप तेच राहिलं, पण ज्या समाजाची जी अडचण होती, तिचं उत्तर त्यानं या झुडपात शोधलं. कुणी कुंपण पाहिलं, कुणी औषध, कुणी जीवनसत्त्व, तर कुणी नुसतीच मुळं.

सुरुवात नावापासून करू. मराठीत या झुडपाला नाव नाही, कारण ते आपल्याकडे उगवतच नाही. इंग्रजीतल्या ‘सी’ म्हणजे समुद्र. लडाखपासून समुद्र किती लांब आहे हे आपल्याला ठाऊकच आहे. हे नाव युरोपातून आलं, कारण तिथे हे झुडूप किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांवर वाढतं. जर्मन भाषेत त्याला ‘झांडडॉर्न’ म्हणतात, म्हणजे वाळूतला काटा. चिनी भाषेत ‘शाजी’, म्हणजे पुन्हा वाळूतला काटाच! एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन भाषांनी एकच गोष्ट पाहिली. रशियन लोकांनी मात्र काट्याकडे नाही, फळाकडे पाहिलं. त्यांचं नाव ‘ओब्लेपिखा’, म्हणजे चिकटून बसलेली. फळं फांदीला इतकी दाटून लगडतात की फांदी दिसत नाही, आणि थंडीभर गळतही नाहीत. लडाखीत ‘त्सेरमांग’ आणि लाहौलमध्ये ‘छरमा’. यातल्या ‘त्सेर’चा अर्थ काटा.

आता ग्रीक घोड्यांकडे येऊ. शास्त्रीय नाव ‘हिप्पोफे’. ‘हिप्पोस’ म्हणजे घोडा आणि ‘फाओस’ म्हणजे चमक, तेव्हा चमकदार घोडा. झाली गोष्ट तयार! पण जरा थांबा. डायोस्कोरिडीस हा पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य. त्याच्या ग्रंथात या नावाची वनस्पती आहे, पण तिचं वर्णन या झुडपाशी जुळत नाही. अभ्यासकांच्या मते ती निवडुंगासारखा चीक असलेली दुसरीच काटेरी वनस्पती असावी. मग हे नाव इथे आलं कसं? १७५३ मध्ये लिनियसनं जगभरच्या वनस्पतींना दोन-शब्दी नावं दिली, तेव्हा जुन्या ग्रंथांतली बरीच ग्रीक नावं त्यानं नव्या वनस्पतींना वापरून टाकली. ‘कॅक्टस’ हे नाव बघा. ग्रीकांचं ‘काक्टोस’ ही भूमध्य समुद्राकाठची एक काटेरी भाजी होती. अमेरिकेतले निवडुंग त्यांना माहीत असणं शक्यच नव्हतं, पण नाव त्यांना मिळालं. तसंच इथे झालं. म्हणजे चमकदार घोड्यांची गोष्ट नावातून निघाली. गोष्टीतून नाव निघालं नाही.

मग एकच झुडूप उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावर आणि साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या लडाखातही कसं? याचं उत्तर हिमयुगात आहे. बर्फ मागे हटायला लागलं तेव्हा युरोपात उघडी जमीन पडली होती, नुसते दगडगोटे आणि रेती. तिथे आधी पोचणाऱ्या झुडपांत हे एक होतं. तळ्यांच्या तळच्या गाळात त्याचे परागकण सापडतात. अशा जमिनीत नत्र जवळजवळ नसतं. पण याच्या मुळांवर गाठी असतात आणि गाठींमध्ये फ्रँकिया नावाचे जिवाणू. ते हवेतलं नत्र धरून देतात. आपल्याकडे हरभरा-तुरीच्या मुळांवर गाठी असतात ना, काम तेच, जिवाणू वेगळे. पुढे त्याच जमिनीवर जंगल वाढलं आणि हे झुडूप सावलीत मेलं. याला सावली अजिबात चालत नाही. मग ते उरलं कुठे, तर जिथे झाडं येऊच शकत नाहीत तिथे : वाऱ्यानं झोडपलेल्या किनाऱ्यावर, नद्यांच्या रेताड पात्रांत, आणि उंच, कोरड्या डोंगरांत. दुसऱ्यांनी नाकारलेली जमीन हाच याचा पत्ता.

लडाखात हा पत्ता सगळीकडे आहे. सिंधूच्या काठानं, नुब्रात, झांस्करमध्ये पाण्याजवळच्या रेतीत याचे दाट ताटवे असतात. तिथल्या शेतकऱ्याच्या दृष्टीनं यात पहिली किंमत काट्यांची. जवाचं शेत लहान आणि गुरं मोकळी, तेव्हा शेताच्या दगडी बांधावर या झुडपाच्या वाळलेल्या फांद्या रचायच्या. शेळी काय, झोसुद्धा तोंड घालत नाही. (झो म्हणजे याक आणि गाय यांचा संकर.) जिथे जंगल नाही तिथे जळणालाही हेच. गाढवाच्या पाठीवर काट्यांचे भारे लादून आणणं हे हिवाळ्याच्या तयारीतलं मोठं काम. फळं लहान, पिवळी-नारिंगी, मटाराएवढी किंवा त्याहूनही बारीक, आणि इतकी आंबट की मुलं एक-दोन चोखतात आणि डोळे मिटतात. करवंदाचं कच्चं फळ ज्यांनी खाल्लंय त्यांना कल्पना येईल.

पण गावात एक माणूस होता जो या फळाकडे वेगळ्या नजरेनं पाहत होता. लडाखात पारंपरिक वैद्याला ‘आमची’ म्हणतात. मराठी माणसाला हा शब्द ऐकून गंमत वाटते, पण आपल्या ‘आमची’शी त्याचा संबंध नाही. या आमचींचा मूळ ग्रंथ म्हणजे ‘ग्युद-शी’, चार तंत्रांचा १५६ अध्यायांचा ग्रंथ. आज जो पाठ आपल्याला मिळतो तो बाराव्या शतकातल्या यूथोग योन्तेन गोन्पो याच्या नावाशी जोडलेला आहे. त्यात या झुडपाचं नाव ‘तारबू’, आणि त्याचं काम मुख्यतः फुप्फुसाचं : छातीत साठलेला कफ सुटा करणं, खोकला, घशाचे विकार, शिवाय पचन आणि साकळलेलं रक्त.

इथे आपण थोडं रेंगाळू, कारण महाराष्ट्रात ज्यांच्या घरी वैद्यकीची परंपरा आहे त्यांना हा भाग ओळखीचा वाटेल, आणि मग अचानक अनोळखी. वाग्भटाचं ‘अष्टांगहृदय’ आपल्याला माहीत आहे. अकराव्या शतकात रिन्चेन झांग्पो (९५८ ते १०५५) या पंडितानं ते तिबेटी भाषेत आणलं. हा तोच भाषांतरकार, ज्याचं नाव स्पितीतल्या ताबोशी आणि लडाखातल्या अल्चीशी परंपरेनं जोडलं जातं. ‘ग्युद-शी’वर वाग्भटाचा ठसा उघड दिसतो. वात, पित्त, कफ यांच्या जागी तिथे लुंग, त्रिपा आणि बेकन आहेत. सहा रसही आहेत. सांगाडा आपलाच म्हणावा असा.

पण रस आणि दोष यांची जुळणी पाहा. वाग्भटाच्या मते कफ कमी करतात ते कडू, तिखट आणि तुरट रस. आंबट रस कफ वाढवतो. म्हणून तर आपल्या घरी खोकला झाला की आई आधी दही आणि चिंच बंद करते. ‘ग्युद-शी’मध्ये बेकन शमवणारे रस आहेत तिखट, तुरट आणि आंबट! म्हणजे कडूची जागा आंबटानं घेतली. जो माणूस मैदानातला ग्रंथ जसाच्या तसा उतरवून घेतो, तो असा बदल करत नाही. हा बदल तारबूमुळेच झाला असं म्हणण्याचं धाडस आम्ही करणार नाही. पण आंबट तारबू छातीच्या कफावर द्यायचं औषध ठरतं ते याच चौकटीत. ‘सगळं इथूनच तिकडे गेलं’ असं आपल्याकडे पुष्कळदा सांगतात, आणि त्याला उत्तर म्हणून ‘सगळं तिथलंच आहे’ असंही कुणी सांगतं. हा ग्रंथ दोघांनाही गैरसोयीचा आहे.

पुढे सतराव्या शतकात ल्हासामध्ये देसी सांग्ये ग्यात्सो यानं ‘ग्युद-शी’वर ‘नील वैडूर्य’ नावाचं भाष्य लिहिलं, त्यावरून वैद्यकाची ७९ मोठी चित्रं काढून घेतली, आणि १६९६ मध्ये च्यागपोरीचं वैद्यक विद्यालय सुरू केलं. अठराव्या शतकातल्या तिबेटी निघंटूत तारबूचे तीन प्रकार दिलेत : नाम-तार, बार-तार आणि सा-तार. नाम म्हणजे आकाश, बार म्हणजे मधला, सा म्हणजे जमीन. उंच, मध्यम आणि जमिनीलगत. फिनलंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ आर्ने रौसी यांनी १९७१ मध्ये या कुळाची आधुनिक मांडणी केली. त्यातली हिमालयातली नावं घेतली तर उत्तराखंडाकडे झाडासारखी वाढणारी जात, लडाखात झुडपासारखी वाढणारी, आणि फार उंचावर वीत-दोन वीत उंचीची ठेंगणी जात असा हिशेब मिळतो. या दोन्ही याद्या एकास एक जुळतात असं नाही, पण ठेंगणी जात वेगळी आहे हे आमचींना वनस्पतिशास्त्राच्या कितीतरी आधी कळलं होतं.

औषध करण्याची रीतही साधी पण वेळखाऊ आहे. फळांचा रस काढायचा आणि तो मंद आचेवर आटवत आटवत काळपट, घट्ट पाकासारखा करायचा. त्याला ‘खंड’ म्हणतात. आपल्या ‘खंड’ या साखरेच्या शब्दाचंच ते भावंड. असा खंड वर्षभर टिकतो आणि इतर औषधांत मिसळता येतो. तारबू धरून पाच द्रव्यांचा कफावरचा योग तिबेटपासून मंगोलियापर्यंत वापरात आहे.

आता आपण एक मोठी उडी मारतोय, उत्तरेला, सैबेरियातल्या अल्ताईत. काळ १९३०चं दशक. त्याच सुमारास ‘क’ जीवनसत्त्व ओळखलं गेलं होतं आणि प्रयोगशाळेत तयारही झालं होतं. सैबेरियात लिंबू-संत्री पिकत नाहीत आणि हिवाळा सहा महिने. मिखाईल लिसावेन्को यांनी १९३३ मध्ये अल्ताईच्या डोंगरात फळझाडांचं संशोधन केंद्र सुरू केलं आणि कातुन नदीच्या खोऱ्यातल्या रानटी ओब्लेपिखाकडे लक्ष दिलं. अडचण औषधी गुणांची नव्हती, तोडणीची होती. आंब्या-चिकूचं पिकलेलं फळ देठापासून सुटतं. हे सुटत नाही. ओढलं तर सालच फाटते आणि रस हातावर येतो. वर काटे. म्हणून काम होतं ते कमी काट्यांची, लांब देठाची, मोठ्या फळाची रोपं निवडत जाणं. पिढ्यान्‌पिढ्या रोपं वाढवायची, फळ यायला तीन-चार वर्षं थांबायचं, त्यातही नर रोपं वेगळी आणि मादी वेगळी, त्यामुळे निम्मी रोपं फळच देत नाहीत. १९६०च्या दशकात त्यांच्या केंद्रातून ‘दार कातुनी’, म्हणजे कातुनची भेट, यासारखे पहिले वाण बाहेर पडले. जगात या झुडपाची खऱ्या अर्थानं बागायती शेती इथून सुरू झाली.

पण प्रत्येक सोयीची किंमत असते. अल्ताईची मोठी, गोडसर फळं ‘क’ जीवनसत्त्वात पुष्कळदा मागे पडतात. हिमालयातल्या आणि चीनमधल्या रानटी, आंबट फळांत १०० ग्रॅमला कित्येक शे मिलिग्रॅम, काही ठिकाणी हजाराच्या वर मिळतं. संत्र्यात साधारण ५० असतं. अल्ताईच्या वाणांत बऱ्याचदा १०० च्या आसपासच. सोव्हिएत संशोधकांचा भर मग तेलाकडे वळला. या फळाचं खरं वेगळेपण तेच आहे. बहुतेक फळांच्या गरात तेल नसतं. ऑलिव्हमध्ये असतं, ॲव्होकॅडोत असतं आणि याच्यात असतं. रस काढून ठेवला की वर नारिंगी सायीसारखा थर येतो. ते गराचं तेल. बियांचं तेल वेगळं, फिकट. भाजलेल्या जखमा आणि पोटातला अल्सर यांवर हे तेल सोव्हिएत दवाखान्यांत सर्रास वापरलं जायचं.

चीनचा प्रकार आणखी निराळा. औषध म्हणून ‘शाजी’ चीनच्या अधिकृत औषधकोशात १९७७ मध्ये आली, तीही तिबेटी आणि मंगोल लोकांच्या वापरातली वनस्पती म्हणून. पण लाखो हेक्टरांवर लागवड झाली ती औषधासाठी नाही. ह्वांग हो नदी वर्षाला सरासरी १.६ अब्ज टन गाळ वाहून नेत असे, आणि तो येत होता पिवळ्या मातीच्या पठारावरून. १९८५ मध्ये जलसंपदा मंत्री च्यान झंगयिंग यांनी सुचवलं, की या पठाराच्या कामाची सुरुवात शाजीनं करावी. ऑर्डोस भागात एक विचित्र खडक आहे, कोरडा असताना दगड आणि भिजला की चिखल. तिथे दुसरं काही टिकत नव्हतं, हे टिकलं, कारण मुळांतून नवी रोपं फुटत जातात आणि उताराला जाळ्यासारखं बांधून ठेवतात. फळ हा तिथे वरचा फायदा.

आता परत लेहला. १९६२ मध्ये संरक्षण संशोधन खात्याची प्रयोगशाळा लेहमध्ये सुरू झाली, सैनिकांना तिथल्या तिथे ताजा भाजीपाला मिळावा म्हणून. पुढे तिथल्या शास्त्रज्ञांनी या फळाचा रस टिकवण्याचं आणि पिण्याजोगा करण्याचं तंत्र बसवलं, आणि २००१ च्या सुमारास ‘लेह बेरी’ नावानं पेय बाजारात आलं. कालपर्यंत कुंपणावर टाकायची ती फांदी अचानक पैसा झाली.

पण पैसा कुणाला? फळं गोळा करतात गावातल्या बायका, सप्टेंबरच्या आसपास, शेतीची कामं उरकत आली की. झुडपाखाली कापड अंथरायचं आणि काठीनं फांद्या झोडपायच्या. मग पाला, काटे, काड्या निवडायच्या. दिवसभर हातमोजे घालूनही हात रक्ताळतात. हे फळ आदल्या वर्षीच्या कोवळ्या फांद्यांवर येतं. त्याच फांद्या झोडपून मोडल्या तर पुढच्या वर्षीचं फळ गेलं. सुरुवातीच्या वर्षांत गर मैदानी शहरांकडे जायचा, बाटली तिथे भरायची, आणि फुगलेली किंमतही तिथेच राहायची. नंतर लडाखात बचत गट आणि सहकारी संस्थांनी स्वतः गर काढायला सुरुवात केली. २०२३ मध्ये ‘लडाख सी-बकथॉर्न’ला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे आता दुसरीकडचं फळ या नावानं विकता येणार नाही. चांगली गोष्ट आहे. फक्त मानांकनात नाव गेलं ते इंग्रजी, समुद्राचं. त्सेरमांग नाही, तारबूही नाही. आणि सोवा-रिग्पाला, म्हणजे आमचींच्या विद्येला, भारतात कायद्यानं मान्यता मिळाली ती २०१० मध्ये, पेय बाजारात येऊन नऊ वर्षं झाल्यावर.

बरं, औषध म्हणून याचा उपयोग आहे का, असं तुम्ही विचाराल. फिनलंडमधल्या तुर्कू इथे चांगल्या पद्धतीचे प्रयोग झालेत. एका प्रयोगात सुमारे अडीचशे निरोगी माणसांना ९० दिवस रोज २८ ग्रॅम फळाचा गर किंवा तसंच दिसणारं दुसरं काहीतरी दिलं. सर्दी-पडसं टळलं का? नाही. रक्तातली दाह दाखवणारी एक खूण थोडी कमी झाली. दुसऱ्या प्रयोगात कोरड्या डोळ्यांच्या तक्रारी असलेल्यांना तेल दिलं, त्यात काही फरक दिसला. म्हणजे फळ पौष्टिक आहे यात शंका नाही, आणि शंभर रोगांचं औषध ते नाही. शिवाय बाटलीतल्या पेयात गर किती आणि साखर किती, हे वाचून घ्यावं. आमचीचा खंड आणि ती बाटली या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कुणी रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर तेलाच्या कॅप्सूल सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं, हेही जाता जाता.

प्रश्नोत्तरांकडे वळण्याआधी, एक प्रश्न आधीच लिहून आलेला आहे, तो घेतो : हे झुडूप सह्याद्रीत लावता येईल का? नाही. त्याला कडक हिवाळा लागतो, भरपूर ऊन लागतं, आणि आपल्या पावसाळ्यात त्याची मुळं कुजतील. शिवाय कोकणच्या सड्यावर, जिथे दुसरं फारसं काही येत नाही, तिथे काटेरी, आंबट फळाचं, कुंपणाला चालणारं एक झुडूप आधीपासून उभं आहे. करवंदावर कुणाला काम करायचं असेल तर आमच्याकडे वाचनाची यादी तयार आहे. आता पुढचा प्रश्न.